भागिले सत्तर

वडिलांच्या पासबुकात दर महिन्याला एकच आकडा उमटतो: 2,486. साखर कारखान्यात फिटरचं काम करून 2013 साली ते निवृत्त झाले, तेव्हापासून आकडा तोच. शेजारच्या जिल्हा परिषद शाळेतल्या मास्तरांची रक्कम महागाई भत्ता वाढला की वाढते. दोघंही ‘पेन्शन’ हाच शब्द वापरतात, पण या दोन पेन्शनींची कुळं वेगळी.

मास्तरांचं कूळ सरकारी. नाकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 17 डिसेंबर 1982 रोजी सांगितलं की पेन्शन ही कुणाच्या मर्जीची बक्षिसी नाही, केलेल्या सेवेतून आलेला हक्क आहे. पेन्शनर मंडळी तो दिवस आजही साजरा करतात.

कारखान्यातल्या माणसाच्या पेन्शनीचं मूळ 1952च्या भविष्यनिर्वाह निधी कायद्यात आहे. आधी तो कापड, सिमेंट, कागद अशा सहाच उद्योगांना लागू झाला, म्हणजे गिरणगाव त्यात पहिल्यापासून. कामगारानं आणि मालकानं पैसे टाकायचे, निवृत्तीला एकरकमी हातात घ्यायचे. त्याचं नाव ‘फंड’. फंड आला की मुलीचं लग्न उरकायचं, गावच्या घरावर नवी कौलं घालायची. पुढच्या महिन्याला मात्र हात रिकामा. 1971 साली कुटुंब निवृत्तीवेतन आलं, ते कामगार नोकरीत असताना गेला तर त्याच्या बायकोला. जिवंत म्हाताऱ्यासाठी त्यात महिन्याची पेन्शन नव्हती.

कामगाराची स्वतःची पेन्शन सुरू झाली 16 नोव्हेंबर 1995ला. मालक फंडात भरतो त्यातूनच पगाराच्या 8.33 टक्के तिकडे वळवले, केंद्रानं 1.16 टक्के घातले. सूत्र असं: पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले सत्तर. ऐकायला बरं वाटतं. मेख ‘पगार’ या शब्दात आहे. हिशोबात धरायच्या पगाराला मर्यादा घातली होती: सुरुवातीला 5,000 रुपये, 2001पासून 6,500. ती तेरा वर्षं हलली नाही. वडिलांचा शेवटचा पगार अठरा हजारांच्या पुढे होता, हिशोबात धरले साडेसहा हजार. 1995नंतरची अठरा वर्षं, वर सवलतीची दोन. वीस गुणिले 6,500 भागिले सत्तर, म्हणजे 1,857. बाकीचे त्याआधीच्या नोकरीपोटी.

मर्यादेपेक्षाही मला खुपतं ते हे, की या पेन्शनीला महागाई भत्ता जोडलेलाच नाही. माणूस म्हातारा होत जातो, औषधं वाढतात, रक्कम जागेवर. 1 सप्टेंबर 2014पासून मर्यादा 15,000 झाली, पण ती पुढे निवृत्त होणाऱ्यांसाठी. त्याच दिवसापासून किमान पेन्शन ठरली महिना हजार रुपये. दहा वर्षं उलटली तरी ती हजारच आहे, आणि त्या हजारावर जगणारी माणसं आमच्याच गल्लीत आहेत.

वडील डायरीत सगळं लिहून ठेवतात. रक्तदाबाच्या गोळ्या पूर्ण महिन्याच्या न घेता दहा-दहा घेतात. दूध अर्धा लिटर. लाइटबिल भरलं की त्या ओळीखाली रेघ मारतात.

हयातीच्या दाखल्यासाठी गेल्या नोव्हेंबरात मी त्यांना घेऊन गेलो होतो. उभा जन्म कानस चालवून अंगठ्याच्या रेषा पुसल्यात. यंत्रानं अंगठा घेतला नाही, तर्जनीही नाही. त्यांनी हात धोतराला पुसला, पुन्हा ठेवला. तिसऱ्या खेपेला मधलं बोट उमटलं.