दुधात पाणी, तेही सरकारी!

आजचा भाग एका शब्दावर आहे. रोज सकाळी तो आपल्या हातात असतो, दुधाच्या पिशवीवर : 'टोन्ड'.

माझी आजी लालबागच्या चाळीत राहायची. ती म्हणायची, "दूध आजाऱ्याला आणि बाळंतिणीला. बाकीच्यांना चहापुरतं." लहानपणी मला वाटायचं, ही आमच्या घरची शिस्त. नंतर कळलं, ते भावाचं गणित होतं.

महायुद्धाच्या काळात, 1943 मध्ये, मुंबईत रेशनिंग आलं. धान्य कार्डावर मिळू लागलं. दुधाची गोष्ट मात्र वेगळी. शहरातच हजारो म्हशींचे तबेले होते. जागा महाग, गवत आणि पेंड बाहेरून आणायची. म्हैस भाकड झाली की तिला पोसणं परवडायचं नाही. बरेचदा ती कसाईखान्यात जायची आणि तिच्या जागी नवी विकत यायची. हा सगळा खर्च शेवटी दुधावर चढायचा. मग ज्याच्या खिशात पैसे, त्याला दाट दूध. गिरणगावात पातळ, आणि त्यातलं पाणी कुठल्या नळाचं, देव जाणे.

इथे येतात दारा खुरोडी, मुंबईच्या दूध योजनेचे कर्तेधर्ते. 1946 मध्ये त्यांनी एक उपाय काढला. म्हशीच्या दुधात साधारण सहा-सात टक्के स्निग्धांश असतो. त्यात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळायची. स्निग्धांश तीन टक्क्यांपर्यंत उतरतो, पण भुकटीमुळे प्रथिनं टिकतात. दूध वाढतं, भाव उतरतो. म्हणजे पाणी घालायचंच, पण हिशेबाने आणि उघडपणे!

1949 मध्ये गोरेगावला आरे वसाहत उभी राहिली आणि तबेल्यांतल्या म्हशी तिकडे जाऊ लागल्या. चारशेहून अधिक किलोमीटरवरच्या आणंदहूनही दूध येत होतं. पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते नाक्यावरचं दूधकेंद्र. हातात कार्ड, रिकाम्या बाटल्यांचा खणखणाट, पहाटेची रांग. स्वस्त दूध असून भागत नाही. कामावर जायच्या आधी ते चाळीच्या दारात मिळावं लागतं.

योजनेत उणिवा होत्याच. भुकटी परदेशातून यायची, मागणी पुरी व्हायची नाही. तरी गरिबाच्या पेल्याचा विचार कुणीतरी योजनेच्या कागदावर केला होता.

आज त्याच नाक्यावर पाच रुपयांत वेफर्सचं पाकीट मिळतं. पाच रुपयांत पेलाभर दूध मिळत नाही. मुलं काय खातात याला आपण 'सवय' म्हणतो. आजीच्या त्या वाक्यालाही मी 'शिस्त'च म्हणत होतो ना?

तुमच्या घरी दुधाचं कार्ड होतं का? रांगेत कोण उभं राहायचं? जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.