कान का वाहतो? पाणी, पू की रक्त, आधी ते ओळखा

पावसाळा लागला की घराघरातून एक तक्रार हमखास येते: "मुलाचा कान फुटलाय." मग कुणी लसणाचं तेल कोमट करून टाकतं, कुणी शेजारच्या घरातले ड्रॉप्स मागून आणतं. चार दिवसांत कान सुकतो आणि सगळे विसरून जातात. पुढची सर्दी आली की तोच कान पुन्हा वाहायला लागतो.

कान वाहणं हे लक्षण आहे, मूळ आजार आत असतो. बाहेर काय येतंय, किती दिवस येतंय आणि दुखतंय की नाही, यावरून कारणाचा बराच अंदाज येतो.

पिवळसर-तपकिरी, चिकट: कानातला मळ

हा आजार नाही. मळ कानाच्या त्वचेचं रक्षण करतो आणि हळूहळू आपोआप बाहेर येतो. काडी, पिन किंवा इअरबड घातला की तो उलट आत ढकलला जातो, कधी पडद्यालाही इजा होते.

सर्दीनंतर ठणका, मग पू: मधल्या कानाचा संसर्ग

लहान मुलांमध्ये हे कारण फार आढळतं. नाकाच्या मागून मधल्या कानात जाणारी नळी मुलांमध्ये आखूड आणि आडवी असते, त्यामुळे सर्दीचे जंतू सहज कानात पोचतात. आत पू साठतो, दाब वाढतो, मूल रात्रभर रडतं. पडद्याला बारीक भोक पडून पू बाहेर आला की ठणका अचानक थांबतो. "दुखायचं थांबलं, म्हणजे बरं झालं" असं वाटतं, पण उपचाराची गरज तेव्हाही असते. वेळेवर औषध मिळालं तर हे भोक बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप भरतं.

खाज, दुखणं, काळे-पांढरे कण: बाहेरच्या नळीचा संसर्ग

पोहण्याने किंवा दमट हवेने कान ओला राहिला, किंवा कान कोरताना ओरखडा पडला, की बाहेरच्या नळीला संसर्ग होतो. कानाची पाळी ओढली तरी कळ येते. बुरशी झाली असेल तर खूप खाज सुटते, कान बंद झाल्यासारखा वाटतो आणि ओल्या कागदाच्या लगद्यासारखी घाण निघते. कानात तेल घालण्याची सवय बुरशीला मदतच करते.

एकाच कानातून घाण वास: आत काही अडकलंय का?

लहान मुलं मणी, चणा, खोडरबराचा तुकडा कानात घालतात आणि सांगत नाहीत. घरी चिमट्याने काढायला जाऊ नका. चणा-वाटाणा पाण्याने फुगतो. घड्याळातला बटन सेल असेल तर तासाभराचाही उशीर करू नका.

दुखत नाही, पण वर्षानुवर्षं वाहतो

सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच कानाकडे होतं, आणि धोकाही इथेच असतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस कान वाहत असेल तर पडद्याला कायमचं भोक पडलेलं असू शकतं. स्राव थोडाच, पण त्याला कुजका वास येत असेल तर आत त्वचेची गाठ वाढत असू शकते. तिला कोलेस्टिआटोमा म्हणतात. ही गाठ कर्करोगाची नसते, पण कानातली नाजूक हाडं झिजवते. वेळीच ऑपरेशन झालं नाही तर बहिरेपणा, चक्कर, चेहऱ्याचा लकवा, मेंदूपर्यंत संसर्ग, इथवर मजल जाते. अशा मुलाला ऐकू कमी येतं. वर्गात मागे पडतं, "लक्ष देत नाही" म्हणून ओरडा खातं, आणि कारण मात्र कानात असतं.

रक्त किंवा पाण्यासारखा द्रव

कानशिलात बसलेल्या थपडेनेही पडदा फाटून रक्त येऊ शकतं. डोक्याला मार लागल्यावर कानातून रक्त किंवा स्वच्छ पाणी आलं तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. कानात बोळा कोंबू नका, काही टाकू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

शुगर असलेल्यांनी जपा

घरातल्या वयस्कर, शुगरच्या पेशंटचा कान वाहतोय आणि रात्री झोपू न देणारा ठणका आहे, तर संसर्ग हाडापर्यंत गेलेला असू शकतो. त्याच दिवशी नाक-कान-घसा तज्ज्ञाला दाखवा.

घरी काय करावं, काय टाळावं

- तेल, लसणाचा रस, आईचं दूध, हायड्रोजन पेरॉक्साइड, काहीही टाकू नका.
- जुने किंवा दुसऱ्याचे ड्रॉप्स वापरू नका. पडद्याला भोक असेल तर काही ड्रॉप्सनी ऐकण्याची नस खराब होऊ शकते.
- बाहेर आलेला पू स्वच्छ कापडाने फक्त बाहेरून टिपा.
- बाळाला आडवं झोपवून बाटलीने दूध पाजू नका. मुलांजवळ विडी-सिगारेट ओढू नका.
- न्यूमोकोकल लस सरकारी लसीकरणात मोफत मिळते. ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिने, हे तिन्ही डोस चुकवू नका.

वुजू, गुस्ल आणि रोजा

पडद्याला भोक असेल तर कानात पाणी जाता कामा नये. वुजूमध्ये कानाचा मसह ओल्या बोटांनी होतो, पाणी आत ओतावं लागत नाही. तरी बोटं निथळून घ्या. आंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी ठेवा आणि नंतर काढून टाका. गुस्लमध्ये बोळ्याचं काय, रोज्यात ड्रॉप्सचं काय, हे मसले आपल्या आलिमांना विचारून घ्या. औषधाच्या वेळा सहरी-इफ्तारला जुळवता येतील का, हे डॉक्टर सांगतील. औषध मात्र मधेच सोडू नका.

लगेच कधी जावं?

कान वाहतोय आणि सोबत जोराचा ताप, कानामागे सूज, चक्कर, उलट्या, तीव्र डोकेदुखी, तोंड वाकडं होणं किंवा अचानक ऐकू न येणं, यातलं काहीही असेल तर उद्यावर टाकू नका. एरवीही कान दोन-तीन दिवसांत सुकला नाही, किंवा पुन्हापुन्हा वाहतोय, तर एकदा तज्ज्ञाकडून पडदा तपासून घ्या आणि ऐकण्याची चाचणी करा. पडद्याचं भोक ऑपरेशनने बंद करता येतं, पण एकदा गेलेली ऐकण्याची ताकद दर वेळी परत मिळतेच असं नाही.