हरवलेली हातोडी आणि मिरपुडीची डबी



मागच्या उन्हाळ्यात आमच्या एका गटाच्या मासिक बैठकीत एका ताईंनी दहा हजार रुपयांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, घराची डागडुजी. पण आवाज कापत होता. चहा झाल्यावर त्यांना बाजूला घेतलं तेव्हा खरं काय ते कळलं. गावात एक माणूस मशीन घेऊन फिरत होता. त्याने यांच्या परड्यात मशीन फिरवलं, ते वाजलं, आणि तो म्हणाला, "सात हात खाली हंडा आहे. पूजा घातल्याशिवाय वर येणार नाही. खर्च दहा हजार."

आम्ही सगळ्यांनी मिळून ताईंची समजूत घातली आणि ते कर्ज दिलं नाही. मशीन वाजलं होतं तिथे त्यांच्या मुलाने कुदळ मारली. वीतभर खाली नांगराचा मोडका फाळ निघाला. तो माणूस पुन्हा गावात दिसला नाही.

तेव्हापासून आम्हाला गटागटांत एकच प्रश्न येतो. मशीनने खरंच धन सापडतं का हो? उत्तर असं आहे की सापडतं. पण ते कसं सापडतं आणि सापडल्यावर काय करायचं असतं, हे ऐकलं की भोंदू माणूस आणि खरा शोध यातला फरक आपला आपल्यालाच कळतो. म्हणून आज इंग्लंडमधल्या एका शेताची खरी गोष्ट सांगतो.

आधी मशीनबद्दल दोन शब्द. त्याला मेटल डिटेक्टर म्हणतात. काठीच्या टोकाला तारेचं गोल वेटोळं असतं. त्यातून वीज खेळवली की जमिनीत चुंबकीय क्षेत्र तयार होतं. खाली धातू असला तर त्या धातूतही बारीकशी वीज फिरू लागते आणि मशीनला ती कळते. मग ते वाजतं. नाण्याएवढी वस्तू वीतभर, फार तर फूटभर खोल असली तरच या मशीनला लागते. फाळ, बाटलीचं झाकण, खिळा, सोनं, कशावरही ते वाजतं. सात हात खालचा हंडा त्याला दिसत नाही, आणि पूजेशी तर त्याचा काहीच संबंध नाही. इंग्लंडमध्ये हजारो लोक छंद म्हणून अशी मशीनं घेऊन शेतमालकाच्या परवानगीने नांगरलेल्या रानात फिरतात. बहुतेक दिवस त्यांना खिळे आणि झाकणंच मिळतात.

आता ती गोष्ट. तारीख 16 नोव्हेंबर 1992. इंग्लंडच्या पूर्वेला सफोक नावाचा परगणा आहे, त्यात हॉक्सन नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली होती. त्याचा मित्र एरिक लॉज याच्याकडे मेटल डिटेक्टर होता, नोकरीतून निवृत्त होताना भेट मिळालेला. तो हातोडी शोधायला गेला. मशीन जोरात वाजलं. खणलं तर चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणीच नाणी!

त्याने थोड्या वस्तू पिशव्यांत भरल्या आणि मग हात थांबवले. जमिनीत अजून बरंच काही आहे हे दिसत असूनही त्याने ते उपसलं नाही. पोलिसांना आणि जमिनीच्या मालकाला, म्हणजे तिथल्या कौन्सिलला, कळवलं. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वाची माणसं आली आणि त्यांनी उरलेला ठेवा रीतसर, थर जपत काढला. हातोडीही सापडली. आज तीसुद्धा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

काय काय निघालं ते ऐका. 14,865 नाणी, त्यातली 569 सोन्याची आणि बाकी जवळजवळ सगळी चांदीची. चांदीचे 78 चमचे आणि 20 पळ्या. सोन्याचे 29 दागिने, त्यात एकट्या बांगड्याच 19. हे सगळं लाकडी पेटीत ठेवलेलं होतं. लाकूड कुजून गेलं होतं, पण वस्तू जागच्या जागी होत्या म्हणून पेटी कशी भरली होती ते कळलं. वाडगे एकात एक बसवलेले आणि मध्ये गवत घातलेलं, म्हणजे घासू नयेत. आत लहान डब्या होत्या, त्यांची चांदीची इवलीशी कुलपं मिळाली. बायांनो, घाईघाईत कोंबलेलं हे सामान नव्हतं. कोणीतरी जपून, नीट लावून ठेवलं होतं. आपण लग्नाच्या भांड्यांची पेटी भरतो तसं.

एका बांगडीवर जाळीकामातच अक्षरं कोरली आहेत. लॅटिन भाषेतला तो मजकूर सांगतो की ज्युलिआने नावाच्या बाईने ही बांगडी सुखाने वापरावी. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात तसंच हे. अंगावर खांद्यांवरून आणि काखेखालून घालायची एक सोन्याची साखळी आहे. ती इतकी लहान आहे की बारीक अंगाच्या बाईला किंवा मुलीलाच होईल. सोळाशे वर्षांपूर्वीच्या राजांची नावं इतिहासात मिळतात. पण एका घरातल्या बाईचं नाव, तिच्या बांगडीचं माप, हे असं मातीतूनच वर येतं.

आम्हाला मात्र सगळ्यात आवडली ती एक डबी. चांदीची, चार इंच उंच. बाईच्या अर्ध्या पुतळीच्या आकाराची आहे, केसांची नक्षीदार रचना, अंगावर दागिने. पुतळी आतून पोकळ आहे आणि बुडाशी फिरती चकती आहे. चकती एका जागी फिरवली की भोक मोठं होतं, डबी भरता येते. दुसऱ्या जागी फिरवली की बारीक छिद्रांतून पूड पडते. तिसऱ्या जागी बंद. आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठाच्या डबीसारखीच. आणि ही डबी कशाची? मिरपुडीची!

आता विचार करा, थंड इंग्लंडमध्ये मिरी पिकते का? ती जात होती आपल्या देशातून. मलबारच्या किनाऱ्यावरून, म्हणजे आजच्या केरळातून, जहाजं पावसाळी वाऱ्याच्या अंदाजाने तांबड्या समुद्राकडे निघत. इजिप्तच्या बेरेनिके या बंदरात उत्खननात एका भारतीय रांजणात सुमारे साडेसात किलो काळी मिरी जशीच्या तशी सापडली आहे. पुढे उंटावरून, नाईल नदीतून, पुन्हा जहाजाने ती रोमला आणि तिथून इंग्लंडपर्यंत पोचायची. इसवी सन 408 मध्ये गॉथ लोकांच्या अलारिक नावाच्या राजाने रोम शहराला वेढा घातला, तेव्हा वेढा उठवायला त्याने सोन्याचांदीबरोबर 3,000 रोमन पौंड मिरी मागून घेतली. आजच्या मापाने जवळजवळ एक टन. आपण रश्श्यात सहज चार दाणे टाकतो, ती मिरी तेव्हा खंडणीत मोजली जात होती. आपल्याकडच्या कुठल्यातरी बाईने वेलावरून खुडून, उन्हात वाळवून ठेवलेली मिरी ज्युलिआनेच्या काळच्या ताटात पडली असेल, असं आम्हाला वाटतं.

मग एवढं धन जमिनीत का पुरलं? हॉक्सनच्या पेटीतली शेवटची नाणी इसवी सन 407-408 ची आहेत. म्हणजे पेटी त्यानंतर पुरली. तो काळ कसा होता? इंग्लंडवर साडेतीनशे वर्षांहून जास्त काळ रोमचं राज्य होतं आणि ते आता संपत आलं होतं. फौजा समुद्रापार निघून गेल्या होत्या. नवी नाणी येईनाशी झाली होती. याचा पुरावा त्या नाण्यांतच आहे. चांदीच्या बहुतेक नाण्यांचे काठ कातरलेले आहेत. राजाचा चेहरा तेवढा शाबूत ठेवून कडेची चांदी काढून घेतलेली. पैसा कमी पडला की लोक काय करतात ते गटाचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको.

आपल्या आज्यासुद्धा हेच करत होत्या. कोणी चुलीमागे गाडगं पुरलं, कोणी भिंतीतल्या कोनाड्यात. तेव्हा बाईला बँक नव्हती, पासबुक नव्हतं. जमीन हीच तिची तिजोरी. पण या तिजोरीत एक खोट आहे. पुरणारा माणूस गेला की ठेवाही गेला. हॉक्सनची पेटी पुरणारं माणूस परत आलंच नाही. नाहीतर ती तिथे राहिली नसती. म्हणून अशा ठेव्याची गोष्ट ऐकताना अंगावर काटा येतो आणि थोडं वाईटही वाटतं.

आता मुद्द्याचं. एरिक लॉजने हात थांबवले नसते तर आपल्याला बांगड्या दिसल्या असत्या, पण गवत दिसलं नसतं, कुलपं कुठल्या डबीची ते कळलं नसतं, पेटी भरणारे हात दिसले नसते. 2010 साली इंग्लंडच्याच सॉमरसेट परगण्यात फ्रोम गावाजवळ दुसऱ्या एका छंदी माणसाला नाण्यांनी भरलेला मोठा रांजण लागला. त्यानेही वरची थोडी नाणी पाहून खणणं थांबवलं. पुरातत्त्वाच्या लोकांनी रांजण थराथराने रिकामा केला. 52,503 नाणी, वजन सुमारे 160 किलो. थर जपल्यामुळे कळलं की नंतरच्या काळातली नाणी वर नसून खालच्या थरांतही होती. म्हणजे रोजची बचत टाकत टाकत तो भरला नव्हता, एकदमच भरला होता. घाईने उपसला असता तर ही गोष्ट कायमची पुसली गेली असती.

आपल्या महाराष्ट्रातही असं झालंय, मशीनशिवाय. 1974 साली अहमदनगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबादला एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाच्या मुळाशी खणताना काशाच्या चार मूर्ती लागल्या. बैल जुंपलेला रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारींचं मिळून वजन 60 किलोंहून जास्त. देशभर त्यांचं नाव झालं. पण त्या रीतसर उत्खननात थरातून निघाल्या नव्हत्या, म्हणून त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत आजही वाद आहे. वस्तू मिळते, पण तिची जागा हलली की तिची साक्ष अर्धी होते.

एरिक लॉजला त्या ठेव्याबद्दल सरकारकडून साडेसतरा लाख पौंडांचं बक्षीस मिळालं. त्यातला वाटा त्याने हातोडी हरवलेल्या शेतकरी मित्राला दिला. कायद्याने तो द्यावाच लागत होता असं नाही. त्याला ते बक्षीस मिळालं कारण त्याने लपवलं नाही.

आपल्याकडेही कायदा आहे, 1878 सालचा. जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची पुरलेली वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी लागते. कळवलं तर सापडणाऱ्याचा हक्क कायद्याने पाहिला जातो. लपवलं तर तो हक्क जातो, आणि वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. किल्ले, लेणी, संरक्षित जागा इथे परवानगीशिवाय खणणं हा गुन्हाच. आणि गुप्तधनासाठी अघोरी पूजा, बळी असलं काही कोणी करत असेल, तर त्याविरुद्ध आपल्या राज्यात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. पोलिसात तक्रार करायला घाबरू नका.

तेव्हा मैत्रिणींनो, विहीर खणताना, घराचा पाया काढताना किंवा रोजगार हमीच्या कामावर कुदळीला काही वेगळं लागलं तर तीन गोष्टी करा. हात थांबवा. जागा तशीच ठेवून मोबाईलवर फोटो काढा. आणि चार बाया मिळून ग्रामपंचायतीत, तलाठ्याकडे कळवून जिल्हाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

आणि कोणी मशीन घेऊन दारात आला, पूजेचा खर्च मागू लागला, तर त्याला गटाच्या बैठकीत बोलवा. म्हणावं, धन निघाल्यावर त्यातूनच खर्च घे. आमच्या त्या ताईंनी पुढे त्याच परड्यात शेवग्याची सहा झाडं लावली. त्यासाठी गटाने कर्ज दिलं, दोन हजार रुपये. त्याचे हप्ते वेळेवर येतायत.

बैठकीत यावर बोला, आणि तुमच्या आजीने पैसे कुठे लपवले होते तेही एकमेकींना सांगा.