दोन थेंब आणि आपली अलिप्तता

मुंबईहून उत्तरेकडे जाणारी गाडी सुरत सोडून तापी ओलांडते आणि उत्राणनंतर कोसाड हे लहानसे स्थानक लागते. कोसाड आता सुरत महानगरात सामावले असून झोपडपट्ट्यांतून हलविलेल्या कुटुंबांसाठी महापालिकेने तेथे मोठी वसाहत उभारली आहे. सुरतेच्या यंत्रमागांवर व बांधकामांवर राबणारी माणसे खानदेशातून, ओडिशातून, उत्तर प्रदेशातून येतात. अशा स्थलांतरितांची मुले गाठणे हा पोलिओ निर्मूलनातील अतिशय बिकट भाग होता. ज्याचा पत्ता हंगामागणिक बदलतो, त्याच्या बाळाची नोंद कोणत्या वहीत करावी?

हे कार्य शासनाच्या बरोबरीने ज्या सेवासंघाने अंगावर घेतले, त्या रोटरीविषयी आपल्या धर्मगुरुवर्गात दीर्घकाळ संशय होता, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो येथे पॉल हॅरिस या वकिलाने आपल्या तीन स्नेह्यांसह हा संघ सुरू केला. १९२९ मध्ये तो मुंबईत आला. आणि त्याच वर्षी धर्मगुरूंनी अशा सभांना उपस्थित राहणे इष्ट नव्हे, असा अभिप्राय रोमहून प्रकट झाला. जानेवारी १९५१ मध्ये तर सदस्यत्वाची स्पष्ट मनाई प्रसिद्ध झाली. युरोपातील कॅथलिक देशांत या मंडळींचा फ्रीमेसनांशी संबंध जोडला जाई, शिवाय सर्व धर्मांना समान लेखणारी त्यांची तटस्थता श्रद्धेला सैल करील अशीही भीती होती. ही भीती सर्वस्वी निराधार नव्हती, असे मला वाटते. परंतु तिच्यापायी आपण एका मोठ्या सत्कार्याचे शेजारी न होता प्रेक्षक झालो. व्हॅटिकन महासभेनंतर वातावरण पालटले आणि १४ जून १९७९ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोम येथे रोटरीच्या जागतिक अधिवेशनापुढे भाषण केले.

त्याच वर्षी फिलिपिन्समध्ये रोटरीने मुलांना पोलिओची लस देण्याचा प्रकल्प हाती घेतला व १९८५ मध्ये जगभरची मोहीम जाहीर केली. भारतात १९९५ पासून राष्ट्रीय लसीकरण दिन पाळले जाऊ लागले, तेव्हा परदेशांतील सभासदही स्वखर्चाने येथे येऊन मुलांच्या मुखी थेंब घालू लागले. या भेटींत छायाचित्रांचा सोस होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. (आपल्या संस्थांच्या वार्षिक अहवालांतही तो कमी नसतो!) पाहुणे परतल्यावर मात्र येथल्याच स्त्रिया बर्फाची पेटी खांद्याला लावून दारोदार फिरत. सर्व मुलांना डोस मिळालेल्या घरावर 'पी' आणि राहिलेल्या घरावर 'एक्स' अशी खूण केली जाई. 'एक्स'च्या दारी पुन्हा जावे लागे.

सेवायात्रेची दिशाही पुढे उलटली. रोटरीचे माजी जागतिक अध्यक्ष राजेंद्र साबू यांनी १९९८ मध्ये भारतीय शल्यचिकित्सकांचे पथक युगांडात नेले. सुरतेच्या दक्षिणेस असलेल्या वापीचे कल्याण बॅनर्जी जुलै २०११ मध्ये जागतिक अध्यक्ष झाले. २००९ मध्ये भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण होते. जगातील निम्म्याच्या आसपास. १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यातील एका बालिकेला रोगाने गाठले, आणि तिच्यानंतर देशात रानटी विषाणूचा रुग्ण आढळला नाही. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर केला. बालकांना थेंब पाजण्याचे दिवस त्यानंतरही सुरूच राहिले. शेजारच्या पाकिस्तानात व अफगाणिस्तानात तो विषाणू उरला होता.