पॅकमॅन : चक्रव्यूहातील चार भुते

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत दगड मांडून केलेल्या वर्तुळाकार चक्रव्यूहांच्या प्राचीन रचना आढळल्या आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात बोरामणीच्या माळावर अशीच, पण १५ फेऱ्यांची मोठी रचना प्रकाशात आली, तेव्हा या लहान रचनांचीही पुन्हा चर्चा झाली. अशा चक्रव्यूहात वाट एकच असते. ती कितीही वळणे घेवो, चालणाऱ्याला अखेर केंद्रापाशी पोहोचविते. तेथे धीर लागतो, निर्णय घ्यावा लागत नाही. याच जिल्ह्यांतील शहरी मुलांच्या एका पिढीने पडद्यावर जो चक्रव्यूह पाहिला, त्याची रीत मात्र उलट होती. तेथे प्रत्येक वळणावर दोन-तीन वाटा फुटत आणि पाठीमागे चार भुते लागलेली असत. हा खेळ म्हणजे पॅकमॅन.

जपानच्या नाम्को कंपनीने २२ मे १९८० रोजी टोकियोत हा खेळ प्रथम लोकांसमोर ठेवला. त्याचे जनक तोरू इवातानी. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’पासून खेळघरांत गोळीबाराच्या खेळांचे राज्य होते आणि तेथे गर्दी असे ती मुख्यतः पुरुषांची. स्त्रियांना आणि जोडप्यांनाही खेळावासा वाटेल असा खेळ इवातानींना हवा होता, म्हणून त्यांनी शस्त्राऐवजी खाण्याची क्रिया निवडली. तोंडाची उघडझाप सुचविणारा ‘पाकु पाकु’ हा जपानी शब्द म्हणजे साधारण आपला ‘गपागप’. त्यावरून नाव पडले ‘पकमॅन’. इंग्रजीत पहिल्या अक्षराची मोडतोड करून कोणी अश्लील शब्द बनवील, या भीतीने अमेरिकेत जाताना त्याचे ‘पॅकमॅन’ झाले.

खेळाचे नियम अर्ध्या मिनिटात समजतात. दांडा चार दिशांना फिरवायचा, दाबायला एकही बटण नाही. चक्रव्यूहातील २४० ठिपके आणि ४ मोठ्या गोळ्या खाऊन संपविल्या की पुढची फेरी. मोठी गोळी खाल्ली की काही क्षण भुते निळी पडतात आणि शिकारीच सावज होतो. एका गोळीच्या बळावर लागोपाठ चार भुते खाल्ली, तर २००, ४००, ८०० आणि १६०० असे गुण मिळतात. पुढच्या फेऱ्यांत निळाईचा हा अवधी घटत घटत नाहीसा होतो.

खेळाचे खरे मर्म भुतांच्या स्वभावात आहे. लाल भूत थेट पाठलाग करते. गुलाबी भूत खेळाडूच्या तोंडापुढच्या चार घरांवर नेम धरून वाट अडवू पाहते. आकाशी भुताची चाल लाल भूत कोठे आहे, यावरही अवलंबून असते. नारिंगी भूत दुरून चाल करून येते, पण आठ घरांच्या आत आले की आपल्या कोपऱ्याकडे वळते. शिवाय चौघेही ठराविक काळाने पाठलाग सोडून आपापल्या कोपऱ्यांकडे जातात. पहिल्या फेरीत आरंभीची सात सेकंदे ही अशी उसंत मिळते, मग वीस सेकंदे पाठलाग होतो. नवख्याला हा गोंधळ वाटतो. मुरलेल्याला त्यात शिस्त दिसते. खेळाडूने तीच वाट त्याच वेळी धरली, तर भुतेही त्याच चाली पुन्हा करतात. म्हणून जाणते खेळाडू वाटाच पाठ करीत. भीतीचे वेळापत्रक कळले की भीती ओसरते, हेच पॅकमॅनच्या आकर्षणाचे रहस्य म्हणावे लागेल.

महाराष्ट्रातील जिल्ह्यांच्या शहरांत व्हिडिओ गेम दोन वाटांनी आले. पहिली वाट पार्लरची. तेथे प्रत्येक डावासाठी पैसे मोजावे लागत, त्यामुळे लवकर मरणे खिशाला झोंबे. दुसरी वाट टीव्हीला जोडायच्या संचांची. नाम्कोने १९८४ साली जपानमधील घरगुती संचासाठी पॅकमॅनची आवृत्ती काढली होती. त्या संचाच्या नकला १९९० च्या दशकात भारतीय बाजारात आल्या आणि एका ‘कॅसेट’मध्ये अनेक खेळ घेऊन पॅकमॅन घरोघरी पोहोचला.

पार्लरकडे मात्र पालक आणि पोलिस दोघेही संशयाने पाहत. व्हिडिओ गेमच्या पाटीआड पैशांचा जुगार चालविण्याचे प्रकार घडत असल्याने तो संशय निराधार नव्हता. कर्नाटकातील अशा यंत्रांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये परवान्याची सक्ती वैध ठरविली. कौशल्य किती आणि नशीब किती, हा त्या वादाचा गाभा होता. या कसोटीवर पॅकमॅन जुगारापासून फार दूर उभा राहतो. जुगाराच्या यंत्रासमोर कितीही तास बसले तरी हात सुधारत नाही. पॅकमॅनपुढे हरलेला प्रत्येक डाव काही शिकवून जातो.

या खेळाला ठरवून दिलेला शेवट नाही. तरीही २५६ व्या फेरीत यंत्राची मोजणी अपुरी पडते, पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या खिचडीने भरतो आणि पुढे जाता येत नाही. तेथपर्यंत एकही चूक न करता मिळू शकणारे सर्वाधिक गुण आहेत ३३,३३,३६०. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ मध्ये ज्या १४ व्हिडिओ गेमना आपल्या संग्रहात स्थान दिले, त्यांत पॅकमॅनही आहे. पार्लरमध्ये जाण्यावरून ज्यांनी घरी बोलणी खाल्ली, त्यांना हे वाचून थोडे समाधान वाटावे.