झडतीची पावती

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या एका पोराला रात्रपाळीवरून येताना उचललं, अटक दाखवली. पिशवीत डबा, पगाराचे पैसे आणि गाण्यांची वही. दोन दिवसांनी जामीन झाला. डबा मिळाला, थोडे पैसे मिळाले. वही? कसली वही? पावती मागायची असते हे त्याला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. म्हणून कायद्याची पुस्तकं काढून बसलो.

इंग्रजांनी १८९८ साली फौजदारी प्रक्रिया संहिता केली. तिच्या कलम ५१ ने अटकेनंतर अंगझडतीचा अधिकार दिला. जरुरीचे कपडे सोडून जे सापडेल ते पोलिसाने ताब्यात ठेवायचं. पण झडती कुणाची? ज्याला कायद्याने जामीनच नाही त्याची, आणि ज्याला जामीन देणं जमत नाही त्याचीही. जामिनाच्या गुन्ह्यात जामीनदार उभा करणारा खिसा सांभाळून घरी जातो. ज्याला कोणी जामीनदार नाही, त्याचा खिसा उलटा होतो. गरिबी कलमातच लिहून ठेवलीय! आणि पाऊणशे वर्षं त्या कलमात पावतीचा शब्द नव्हता.

१८७१ च्या कायद्याने तर अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो कायदा गेला. गाठोड्यावरची नजर गेली का, हे पारध्याच्या पालावर जाऊन विचारा.

सप्टेंबर १९४९ मध्ये बाबासाहेबांनी घटना समितीत कलम १५-अ मांडलं. तेच आजचं अनुच्छेद २२. अटकेचं कारण सांगा, वकील भेटू द्या, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करा. अटक झालेलाही माणूस आहे, हे तिथं लिहिलं गेलं.

मग नवी संहिता १ एप्रिल १९७४ ला लागू झाली. कलम ५१ तेच, पण एक ओळ वाढली: घेतलेल्या वस्तूंची पावती त्या माणसाला द्यावी. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४९ आहे. पावती त्यातही आहे. बाईची झडती बाईनेच, सभ्यता राखून घ्यायची, हेही आहे.

घराच्या झडतीला पंच लागतात ते 'प्रतिष्ठित'. हा शब्द १८९८ पासून हललेला नाही. आपल्या वस्तीतला कोण प्रतिष्ठित, ते ठरवतो फौजदार.

तेव्हा पावती मागा. तिच्यात डबा लिहून घ्या, पैशांचा आकडा लिहून घ्या, मोबाईल लिहून घ्या, वहीची पानं मोजून घ्या. पावतीनं गाणी परत येत नाहीत. पण पावती नसली तर गाणी होती, हेच शाबीत होत नाही.