गळणारे सुपरकॉम्प्युटर

आमच्या भोकरदनात गळती म्हटलं की ठिबकची नळी, नाहीतर ट्रॅक्टरचं रेडिएटर. पण मंडळी, कॉम्प्युटरही गळतात!

१९७६ चा क्रे-१ घ्या. ११५ किलोवॅट वीज खाणारं, साडेपाच टनांचं धूड. थंड ठेवायला फ्रिजसारखा फ्रिऑन. बोर्डांच्या कडेला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, त्यांत स्टीलच्या नळ्या. गंमत म्हणजे घात केला तो फ्रिऑनमध्ये मिसळलेल्या कॉम्प्रेसरच्या तेलाने. सांध्यांतून झिरपायचं, बोर्डांवर थर बसायचा, की शॉर्ट! शेवटी नळ्यांच्या वेल्डिंगची पद्धतच बदलावी लागली.

१९८५ च्या क्रे-२ मध्ये तर बोर्ड सरळ फ्लोरिनर्टमध्ये बुडवले. ह्या द्रवातून वीज वाहत नाही, त्यामुळे शॉर्टची भीतीच नाही. (मला ही युक्ती जाम आवडते.) पण द्रव महाग, शिवाय निसर्गात सहजी न विरणारा. थ्रीएमने २०२२ मध्ये जाहीर केलं, २०२५ अखेर हे उत्पादन बंद.

म्हणजे फिरून पाणीच. पुण्यात आयआयटीएमच्या २०१८ च्या 'प्रत्यूष'मध्ये ते कपाटांमधल्या कॉइलपुरतं होतं, मधे हवा. २०२४ च्या 'अर्का'त पाणी थेट प्रोसेसरवरच्या पट्टीत आलं. आता सांधा सुटला तर मधे काहीच नाही. आणि २०२५ पासून देशाचा हवामान अंदाज १२ ऐवजी ६ किलोमीटरच्या जाळीवर निघतो तो ह्याच अर्कावर. जूनमध्ये कपाशी लावायची की थांबायचं, हे आमच्याकडे त्यावरून ठरवणारे आहेत.